प्लिमथहून जेम्सटाऊनला

अमेरिकेचा इतिहास मला मराठीतून कळला, तोही सौदीत, दम्मामच्या समुद्रकाठच्या कॉर्निशवर चालता चालता. सांगणारे नौशाद सारंग. ते म्हसळ्याकडचे, मी लांज्याकडचा. त्यांच्यावर कोणी लिहिलेलं नाही आणि लिहिणार असं दिसतही नाही, म्हणून मी बसलो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. काही राहून गेलं तर ते माझं, त्यांचं नाही.

नौशादभाई इथल्या एका खाजगी शाळेत शिकवतात. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. मुलं सौदी, मिसरी म्हणजे इजिप्तची, जॉर्डनची, थोडी आपल्याकडची. विषय सोशल स्टडीज, म्हणजे सहावीच्या वर्षी बहुतेक अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास. स्वतः त्यांनी अमेरिका पाहिलेली नाही. मी त्या शाळेत इलेक्ट्रिशियन होतो. एकदा त्यांच्या वर्गातला एसी बंद आहे असा निरोप आला म्हणून शिडी घेऊन गेलो. एसी उघडला, तपासला, बिघाड काहीच सापडेना. मी वैतागून मराठीत एक शिवी घातली.

खालून आवाज आला, "भाऊ, वर्गात शिव्या नकोत. पोरांना कळत नाहीत, पण मला कळतात."

एसी त्यांनीच बंद केला होता. खिडक्याही लावून घेतल्या होत्या. फिलाडेल्फियाला अमेरिकेची राज्यघटना लिहिली ती ऐन उन्हाळ्यात, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करून. ते कसं वाटलं असेल ते मुलांना कळावं म्हणून हा प्रकार चालला होता. मुलं घामाघूम झाली होती. एक मिसरी मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आम्ही इंग्लंडच्या राजाकडे परत जातो, फक्त एसी लावा!" सगळा वर्ग हसला. नौशादभाईही हसले आणि मला म्हणाले, "लावा भाऊ, क्रांती फसली."

तेव्हापासून मी त्यांना मास्तर म्हणायला लागलो आणि ते मला गुणाजीभाऊ.

मी तेव्हा कंपनीच्या कॅम्पात राहायचो. एका खोलीत सहा जण, लोखंडी दुमजली खाटा. बायको भीमाबाई आणि मुलगा समाधान गावाला. मास्तर फॅमिलीवाले. तीन खोल्यांचा फ्लॅट, बायको शरफुन्निसा, मुलगी समरीन. इथे आलेल्या माणसाला लवकरच कळतं की माणसांच्या दोनच जाती आहेत, बॅचलर आणि फॅमिली. तुमचं लग्न झालेलं असो, घरी चार मुलं असोत, बायको इथे नसेल तर तुम्ही बॅचलर. हॉटेलात बसायची जागा वेगळी असायची, बागेत कधी सोडायचे, कधी नाही. राहायच्या इमारती तर अजूनही वेगळ्या आहेत.

मास्तरांनी अमेरिकेचा सगळा इतिहास याच दोन शब्दांत बसवला होता. एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "हे बघा गुणाजीभाऊ. सोळाशे सात साली इंग्रज जेम्सटाऊनला उतरले. शंभरेक पुरुष आणि पोरगे. बाई एकही नाही. आले सोनं शोधायला. शेत कोणी पेरलं नाही, पाणी मचूळ, ताप, भांडणं. दोन वर्षांनी असा उपासाचा हिवाळा आला की चामडं उकडून खाल्लं. जेम्सटाऊन म्हणजे काय?"

"काय?"

"बॅचलर कॅम्प."

मी हसलो. "आणि मेस बंद पडलेली."

"मेसवाला पळालेला! पुढे कंपनीला अक्कल आली. लंडनहून जहाज भरून बायका पाठवल्या, लग्नासाठी. आता दुसरं, प्लिमथ. सोळाशे वीस. मेफ्लॉवर नावाचं जहाज. त्यात नवरा, बायको, पोरं, गरोदर बाया. वाटेत जहाजाची मोठी तुळई तडकली तर सामानातला लोखंडी स्क्रू लावून पुढे गेले, पण गेले सगळे मिळून. प्लिमथ म्हणजे फॅमिली क्वार्टर."

"म्हणजे आम्ही जेम्सटाऊनचे आणि तुम्ही प्लिमथचे."

"जेवायला या मग शुक्रवारी प्लिमथला," ते म्हणाले.

मी गेलो. शरफुन्निसाभाभींनी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण केलं होतं. कोकम गावचं. त्या फार बोलायच्या नाहीत. मास्तर मेफ्लॉवरची गोष्ट सांगायला लागले की आतून म्हणायच्या, "अहो, त्यांना जेवू द्या. तुमचं जहाज काही बुडत नाही." समरीन तेव्हा नववीत होती. ती बापाच्या वर्गातही बसून गेली होती, आणि घरी तोच इतिहास पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून कानात इयरफोन घालून बसायची. मी नंतर बऱ्याच शुक्रवारी गेलो. कॅम्पात परतताना बसमध्ये हाताला कोकमाचा वास असायचा.

समरीनचं लग्न दोन हजार एकोणीसला झालं. ती पनवेलला गेली, फिजिओथेरपिस्ट झाली आहे. पुढच्या वर्षी कोरोना आला. जूनमध्ये मास्तर आणि भाभी दोघेही आजारी पडले, दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी नेलं. मास्तर बरे झाले. भाभी गेल्या. मास्तरांना ते दोन दिवसांनी सांगितलं, तेव्हा दफन झालं होतं. जनाज्याला घरचं कोणी नव्हतं, कोणाला जाऊच देत नव्हते. पांढरे पोशाख घातलेल्या माणसांनी उरकलं.

इथली कबरस्तानं मी बाहेरूनच पाहिली आहेत. आत काही बांधत नाहीत, नाव लिहीत नाहीत. वाळू जमिनीबरोबर सारखी करतात, उशाला एक साधा दगड. थोर माणूस असो की हमाल, सगळ्यांना तसंच. मास्तरांना ती पद्धत पटते. ते म्हणायचे, अल्लाच्या दारात पाटी कशाला. पण त्या महिन्यात एकाच तुकड्यात पुष्कळ माणसं गेली. मास्तर हिंडण्याइतके बरे होऊन तिथे पोचले तोवर पहारेकरी बदललेला होता, ज्यांनी तिला खाली उतरवलं ते कोण कुठले हेही कळेना. सगळे एवढंच सांगायचे, "तिकडे, मागच्या भिंतीच्या बाजूला."

त्याच वर्षाअखेर त्यांच्या इमारतीच्या मालकाने त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. चहा दिला, भाभींबद्दल दुःख केलं आणि म्हणाला की उस्ताद, ही इमारत फॅमिलीवाल्यांची आहे. बाकीच्या बायका तक्रार करतात. मास्तरांचं वय तेव्हा सत्तावन्न. मुलगी सासरी, बायको गेलेली, म्हणजे हिशोबाने बॅचलर. मी आणि समाधानने सामान हलवायला मदत केली. समाधान तोवर इथे नोकरीला लागला होता, भीमाबाईलाही त्याने आणलं होतं, आणि मी निवृत्त होऊन त्याच्याकडे राहायला गेलो होतो. म्हणजे मी फॅमिलीत आलो त्याच सुमाराला मास्तर बाहेर पडले. नवीन खोलीत एक खाट, एक कपाट, खाली केरळी माणसाचं हॉटेल. पुस्तकांची खोकी रचून झाल्यावर ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "गुणाजीभाऊ, तीस वर्षं शिकवतोय, पण प्लिमथहून जेम्सटाऊनला गेलेला माणूस इतिहासात मला तरी सापडलेला नाही."

मी पंख्याचा रेग्युलेटर बदलून दिला.

समरीन दर शुक्रवारी फोन करायची आणि दर शुक्रवारी एकच म्हणायची, "अब्बा, परत या. तिथे आता कोण आहे?" ते म्हणायचे, "तुझी अम्मी आहे." शाळेत दर मे महिन्यात करार वाढवायचा का असं विचारत आणि ते वाढवत.

गेल्या नोव्हेंबरात ते एकदा फिरायला आले. मी विचारलं, "आज कुठवर आली अमेरिका?"

"पहिल्या हिवाळ्यात," ते म्हणाले.

प्लिमथच्या पहिल्या हिवाळ्यात जहाजातली निम्मी माणसं मेली. आलेल्या बायकांपैकी चार-पाचच उरल्या. असं म्हणतात की त्यांनी आपली माणसं किनाऱ्यावरच्या टेकडीत पुरली आणि जमीन सपाट करून वर मका पेरला. आसपासच्या मूळ रहिवाशांना कबरी मोजता येऊ नयेत, आपण किती थोडे उरलो ते कळू नये म्हणून. हे मला मास्तरांनी पूर्वीही सांगितलं होतं. भाभी गेल्यापासून ते हा भाग वर्गात घेत नव्हते. जहाज उतरलं, हिवाळा कठीण गेला, वसंत आला, एवढंच सांगून पुढे जायचे. पण यंदा एका मुलाने, हाशिर त्याचं नाव, पुस्तकात चौकटीत दिलेली ही गोष्ट आधीच वाचली होती. त्याने हात वर केला आणि विचारलं, "सर, मका कापल्यावर त्यांना कसं कळलं की कोणाचं माणूस कुठे आहे?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, नाही कळलं." मास्तर कठड्याला टेकून उभे राहिले. समुद्र शांत होता, पोरं सायकली फिरवत होती. "गुणाजीभाऊ, समरीन डिसेंबरात येते आहे. व्हिजा मिळाला तिला. दहा दिवस. तिला अम्मीची कबर पाहायची आहे."

"बायकांना आत सोडत नाहीत ना?"

"नाहीत. ती म्हणते, मी गाडीत बसते, तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवा."

"मग दाखवा की."

तेव्हा त्यांनी सांगितलं. दोन हजार वीसच्या ऑगस्टमध्ये समरीनला सातवा महिना होता. ती रात्रंदिवस रडायची, जेवायची नाही. फक्त एक फोटो पाठवा म्हणायची, म्हणजे मला खरं वाटेल. एका संध्याकाळी मास्तर कबरस्तानात गेले, भिंतीजवळचा तुकडा सोडून जरा लांब, जिथे एका कबरीशेजारी हिरवं झुडूप होतं, तिथला फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, अम्मी. समरीन त्या दिवशी जेवली. तेव्हापासून दर शुक्रवारी ती तो फोटो उघडून फातिहा पढते. पुढे तिला मुलगी झाली, दुआ. तिलाही आता सांगते, ही तुझी नानी.

"झुडूप बघून काढला," मास्तर म्हणाले. "जरा बरं दिसावं म्हणून."

"कोणाला कळणार आहे मास्तर? तीच कबर पुन्हा दाखवा."

"तेच तर. कोणालाच कळणार नाही."

मी दिलेला सल्ला चांगला होता की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

समरीन आली. दुआला सासूकडे ठेवून एकटीच आली होती. विमानतळावर तिने बापाला पाहिलं आणि आधी रागावली, "किती बारीक झालात! काय खाता?" तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. गाडी समाधानची, चालवायला मी. मास्तर पुढे, समरीन मागे. अंगात काळा अबाया, हातात फोन. ती वाटभर बोलत होती, ह्या सिग्नलला आमची शाळेची बस थांबायची, इथे पूर्वी बेकरी होती. मास्तर फक्त हं हं करत होते.

अस्रची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली होती. फाटकाशी मी गाडी भिंतीच्या सावलीत लावली. मास्तर उतरले, पहारेकऱ्याला सलाम केला आणि आत गेले. थोड्या वेळाने समरीनच्या हातातला फोन वाजला.

"अब्बा, कॅमेरा उलटा आहे. तुमचीच दाढी दिसते."

"कुठलं बटण?"

"ते गोल बाण आहेत ना, ते. हं. आता खाली धरा. एवढं खाली नको, चपला दिसतायत." ती हसली. मग तिचा आवाज बदलला. "किती आहेत हो. मला वाटलं नव्हतं एवढ्या असतील. अब्बा, झुडूप कुठे आहे?"

मी समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होतो.

"अब्बा?"

"झुडपाकडे नाही जात आहे मी," फोनमधून मास्तरांचा आवाज आला. श्वास लागला होता. "भिंतीकडे जातोय. समरीन, ऐक. ती कबर तुझ्या अम्मीची नाही."

"म्हणजे? मग कुठली आहे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"ह्या तुकड्यात आहे. कुठे ते माहीत नाही. मी आलो तेव्हा सगळं सारखं झालेलं होतं. तू जेवत नव्हतीस, म्हणून तो फोटो काढला."

"कोणाचा?"

"कोणाचा तरी."

समरीन एकदम इंग्रजीत म्हणाली, "यू लाईड टू मी. चार वर्षं, अब्बा! मी कोणाला सलाम करत होते? दुआला काय सांगत होते मी?" आणि तिने फोन बंद केला.

एसीचा आवाज तेवढा येत होता. मी बंद करावा की चालू ठेवावा ते मला कळेना.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"महिन्यापूर्वी कळलं, बेटा."

"आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

मी खरं सांगितलं. "म्हटलं, तीच कबर पुन्हा दाखवा."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मलाही बोलेल. पण तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "ते ऐकले असते तर मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"मग आज का सांगितलं?"

फाटकातून मास्तर दिसत नव्हते. एक माणूस पाण्याचा कॅन घेऊन आत गेला. समरीनने फोन पुन्हा लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

"अब्बा, तुकडा तरी नक्की आहे ना?"

"तुकडा नक्की आहे. भिंतीपासून विजेच्या खांबापर्यंत."

"मग चाला."

"कुठे?"

"सगळ्या रांगांतून. मधून चाला, कोणाच्या अंगावर पाय पडू देऊ नका. फोन खाली धरा. प्रत्येक दगड मला दिसला पाहिजे."

"पुष्कळ आहेत गं."

"असू देत."

मास्तर चालायला लागले. त्यांच्या चपलांखाली वाळू करकरत होती तो आवाज गाडीत येत होता. समरीन प्रत्येक दगडाला सलाम करत होती. अस्सलामु अलैकुम. पुन्हा अस्सलामु अलैकुम. आधी मोठ्याने, मग हळू, मग नुसते ओठ हलत राहिले. मध्येच म्हणायची, "तो राहिला, डावीकडचा, मागे या," आणि मास्तर मागे जायचे. त्यांचा उजवा गुडघा दुखतो. एकदा थांबले तेव्हा ती म्हणाली, "बसा जरा." ते म्हणाले, "नको." दोघांचं एवढंच बोलणं. सूर्य मावळून मगरिबची अजान झाली तेव्हा शेवटची रांग चालू होती. पहारेकऱ्याने फाटकात येऊन माझ्याकडे बघत हात हलवला, यल्ला, खलास, म्हणजे चला, संपलं. मी त्याला दोन्ही हात जोडले. इथे असं कोणी करत नाही, पण तो थांबला.

मास्तर बाहेर आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत वाळूने भरला होता. ते पुढे बसले. मागे वळून बघायला त्यांना धीर झाला नाही. मी गाडी सुरू केली. बरंच अंतर गेल्यावर समरीन म्हणाली, "काका, वाटेत भाजीच्या दुकानाशी थांबवा. ह्यांच्या फ्रिजमध्ये दोन लिंबांशिवाय काही नाही."

पुढचे सात दिवस तिने त्या खोलीत स्वयंपाक केला, कपाट आवरलं, बापाला गुडघ्याचे व्यायाम शिकवले. मक्केला उमरा करून आली. कबरीचा विषय तिने काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. विमानतळावर ती माझ्या पाया पडायला वाकली, मी नको म्हटलं. बापाला तिने मिठी मारली, पण घाईत, जणू विमान चुकेल.

आता मे महिना लागला आहे. शाळेने पुन्हा विचारलं आहे, करार वाढवायचा का. समरीनचा शुक्रवारचा फोन येतो. दुआ बोलते, जावई बोलतो, गुडघा कसा आहे ते ती विचारते. परत या, असं मात्र डिसेंबरनंतर एकदाही म्हणाली नाही.

परवा कॉर्निशवर मास्तरांनी मला विचारलं, "काय असेल हो? राग आहे, की तिला वाटतं मी इथेच राहावं, तिच्या अम्मीसोबत कोणीतरी हवं म्हणून?"

"विचारा ना तिला."

"विचारायला हवं."

"मग आत्ताच लावा फोन. जागी असेल."

त्यांनी खिशातून फोन काढला, नावापर्यंत गेले, आणि थोडा वेळ तसाच हातात धरून चालत राहिले. मग म्हणाले, "मी विचारलं आणि ती म्हणाली, तुमची मर्जी, तर?"

हवा दमट होती, बाकांवर फॅमिल्या येऊन बसायला लागल्या होत्या. आम्ही त्यांच्यासाठी वाट सोडून पाण्याच्या कडेने चालत राहिलो.